धरायचा दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. इतका जुना, की मला उचलायला गेलात तर हातात दोर येणार नाही, भुसा येईल. ज्या राजासाठी मी राबलो त्याला जाऊन हजारो वर्षे झाली. त्याचा दगडी डोंगर मात्र अजून उभा आहे. त्या डोंगराच्या चढणीवर एका दुपारी काय घडले, ते सांगण्यापुरता जीव माझ्यात उरला आहे.

माझा जन्म नदीच्या वरच्या अंगाला, खजुरींच्या एका गावात झाला. खजुरीच्या बुंध्यावर पानांच्या तळाशी जाळीसारखे तपकिरी सोपट असते. गावातला हेसी ते काढून भिजत घालायचा, कुटायचा आणि सुटलेल्या तंतूंचे दोर वळायचा. त्याला मुलगा नव्हता. मेरुत नावाची मुलगी होती. एका टोकाला बाप, दुसऱ्या टोकाला लेक, असे दोघे मागे मागे सरत माझा पीळ आवळत गेले. आधी तीन पेड वेगळे वळले, मग तिन्ही उलट्या पिळाने एकत्र केले. हातभर दोर झाला की हेसी डोळे मिटून त्यावरून बोटे फिरवायचा.

"बघून कळत नाही का, बाबा?" मेरुतने एकदा विचारले.

"बघून वरचं कळतं. दोर आतून तुटतो."

दरवर्षी नदीला पूर आला की शेते पाण्याखाली जायची आणि गावची माणसे नावेत बसून राजाच्या कामावर निघायची. आमच्या गावच्या टोळीचे नाव 'नदीचे बैल'. मुकादम होता पेर्सेन. रुंद खांद्यांचा, मोठ्या आवाजाचा, जिंकायची भारी हौस असलेला. त्याचा धाकटा भाऊ इन्काफ. इन्काफशी मेरुतचे लग्न झाले आणि तीही नावेतून आली, कामावरच्या भटारखान्यात भाकऱ्या भाजायला. त्याच नावेत तळाशी वेटोळे घालून मी होतो.

मित्रांनो, तिथे दोर दोन प्रकारचे होते. काही ओढायचे, काही धरायचे. मी धरायचा दोर होतो. शिळा ठेवायची ती लाकडी गाडी. तिला चाके नसायची, दोन जाड ओंडक्यांवर ती घसरत जायची. पुढे ओढायचे दोर खांद्यावर घेऊन माणसे लागायची. माझे एक टोक गाडीला बांधलेले असे. तिथून मी चढणीच्या कडेला ओळीने रोवलेल्या जाड खुंटांपैकी एकाकडे जायचो, त्याला तीन वेढे घालायचो आणि माझी शेपटी चार जणांच्या हातात असायची. माणसे ओढत तेव्हा मला विश्रांती. ती दमून थांबली की शिळेचा सगळा भार माझ्यावर. ओढणाऱ्यांची गाणी होतात, धरणाऱ्यांची होत नाहीत. पण मला त्याचे वाईट वाटत नसे, कारण मला इपी होता.

इपी हा टोळीचा दोरराखा. वाकलेला, दात पडलेला म्हातारा. तो रोज सकाळी मला टोकापासून टोकापर्यंत चाचपायचा. कोरडा वाटलो तर पाणी शिंपडायचा, चरबी चोळायचा. दगडाच्या कडेवरून जायचे असेल तर खाली कातड्याची घडी घालायचा. दोन वर्षे मी असंख्य शिळा धरल्या आणि एकही सोडली नाही. लोक मला पाहून म्हणायचे, "हेसीचा दोर आहे, डोळे मिटून खाली झोपावं!" ते ऐकून माझा पीळ आणखी घट्ट व्हायचा.

तिसऱ्या वर्षी मात्र बिघडले. टोळीत हगवणीची साथ आली आणि अकरा माणसे अंथरुणाला लागली. कामावरच्या देखरेख्याने हुकूम काढला, दोन हात असलेला प्रत्येक जण ओढायला लागेल. इपीला दोन हात होते. त्याच्या खांद्यावर ओढायचा दोर आला आणि मला पाहणारे कुणी उरले नाही.

त्याच आठवड्यात डोंगराच्या पोटातल्या राजाच्या खोलीच्या भिंतीसाठी दूर दक्षिणेहून लाल शिळा येऊ लागल्या. तो दगड फार कठीण. त्याची कड म्हणजे सुरीच. एका संध्याकाळी मला अशा कडेवरून खेचले गेले. खाली कातडे नव्हते. आतला एक पेड अर्धा कापला गेला. वरून काहीच दिसत नव्हते, कारण बाहेरचे तंतू पुन्हा आपल्या जागी बसले होते. मला ओरडता येत असते तर मी ओरडलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीस बैलांच्या वजनाची एक शिळा चढणीच्या तळाशी गाडीवर तयार होती. पेर्सेन घाईत होता. शेजारच्या 'उत्तरवारा' टोळीने आदल्या दिवशी दोन शिळा वर पोचवल्या होत्या, आमची एकही नाही. त्यात राजवाड्यातून कुणी मोठा अधिकारी पाहणीला येणार होता.

इपी पाणी पिण्याच्या निमित्ताने खुंटापाशी आला आणि जुन्या सवयीने त्याने माझ्यावर हात ठेवला. बोटे सरकत गेली आणि एका जागी थांबली. पुन्हा मागे आली.

"मुकादम," तो म्हणाला, "हा दोर आज लावू नका."

"का? काय झालं त्याला?"

"इथं आत पोकळ लागतंय. एक पेड गेलाय."

पेर्सेनने वाकून पाहिले. "मला तर काही दिसत नाही."

"दिसायचं नाही. हात लावा."

मागून कुणीतरी म्हणाले, "इपीआजोबांना हल्ली भाकरीसुद्धा पोकळ लागते!" सगळे हसले. पेर्सेनही हसला, पण त्याचे डोळे देखरेख्याच्या काठीकडे होते. ती काठी गाडीच्या ओंडक्यावर टकटक वाजत होती.

"दुसरा दोर कुठं आहे?"

"बंदरावरच्या कोठारात. आणायला दुपार होईल."

"दुपार! म्हणजे आज पुन्हा एकही शिळा नाही."

"शिळा काय पळून जातेय का?"

"शिळा थांबेल हो, पाहणीला येणारा थांबायचा नाही." पेर्सेनचा आवाज चढला. "तुम्ही आज ओढायला आहात, इपी. दोर बघायला नाही. जा जागेवर."

इपीने माझ्यावरचा हात हळूच काढला आणि तो रांगेत जाऊन लागला. पेर्सेनने मला हात लावला नाही. लावला असता तर त्याला कळले असते. दोरवाल्याच्या गावात वाढलेला माणूस होता तो.

चढणीवर ओली चिकणमाती अंथरलेली होती. पुढे एक जण घडा घेऊन पाणी ओतत चालायचा, म्हणजे गाडी सुळकन सरकायची. मागे, शिळेच्या सावलीत, इन्काफ आणि आणखी एक जण लाकडी पाचरी घेऊन. गाडी थांबली की तिच्याखाली पाचर ठोकायची, हे त्यांचे काम. टोळीतली सर्वांत वाईट जागा ती. पेर्सेनने भावाला मुद्दाम तिथे ठेवले होते. मुकादमाचा भाऊ सावलीत बसून खातो असे कुणी म्हणायला नको, म्हणून.

"बैल कुणाचे?" पेर्सेनने आरोळी दिली.

"नदीचे!" ऐंशी गळे ओरडले.

"ओढतात काय?"

"डोंगर!"

"खातात काय?"

"कांदे!"

आणि गाडी हलली. दर ओढीला दोन हात पुढे. मग पेर्सेन ओरडायचा, "धरा!" माणसे धापा टाकत वाकायची, इन्काफचा हातोडा वाजायचा आणि भार माझ्यावर यायचा.

तिसऱ्या खुंटापाशी माझा पहिला तंतू तुटला. एवढासा आवाज, वाळलेली काडी मोडावी तसा. कुणाला ऐकू जाणार? चौथ्या खुंटापाशी एकदम सात-आठ गेले. ऊन चढत होते आणि मी कोरडा पडत चाललो होतो. दर वेळी "धरा!" ऐकले की माझ्या अंगावर काटा यायचा. मी स्वतःला म्हणायचो, ही एक ओढ निघू दे. मग पुढची. इपी रांगेतून दर थांब्याला मान वळवून माझ्याकडे बघायचा. तो पुन्हा काही बोलला नाही. एकदा गप्प केलेला माणूस होता तो.

पाचव्या खुंटापाशी चढण सर्वांत उभी होती. इथे घडेवाल्याचा हात सुटला. घडाभर पाणी एकदम मातीवर सांडले, पुढच्या रांगेचे पाय घसरले आणि बघता बघता वीस-पंचवीस माणसे गुडघ्यांवर आली. ओढायचे दोर लुळे पडले. सगळी शिळा एका हिसक्यात माझ्यावर आली.

कापलेला पेड तुटला.

शिळा हातभर मागे घसरली. उजव्या बाजूच्या पाचरीचा चुरा झाला. पाचर मारणारा दुसरा माणूस उडी मारून बाजूला पळाला. त्याला मी दोष देत नाही. इन्काफ मात्र पळाला नाही. त्याने आपली पाचर रेटली आणि तिला खांदा लावला. चढणीच्या खालच्या भागात गाढवे होती, पाणके होते, पाथरवटांची एक अख्खी रांग होती.

"धरा!" पेर्सेन ओरडला. "जीव गेला तरी धरा!"

माझी शेपटी धरलेल्या चौघांचे तळवे सोलून निघाले. खुंटावरचे वेढे करकरले, पण थांबले. मी दोन पेडांवर उभा होतो.

नेमकी त्याच वेळी मेरुत भाकऱ्यांची टोपली डोक्यावर घेऊन कडेच्या पायऱ्यांनी वर येत होती. तिने माझ्या अंगातून उडणारी बारीक धूळ पाहिली. टोपली खाली ठेवून ती धावत आली आणि ताणलेल्या माझ्यावर तिने बोटे ठेवली. किती वर्षांनी तो हात लागला मला!

"भाऊजी! दोर चालला!"

"कोण बाई आहे तिथं? बाजूला हो!"

"मी मेरुत! एक पेड गेलाय, दुसरा जातोय! मीच वळलाय हा, मला कळतं!"

पेर्सेनचा चेहरा राखेसारखा झाला. तो पुढच्या रांगेकडे वळला. "उठा! ओढा, ओढा!"

"ओढू नका!" ही आरोळी इपीची होती. एवढा मोठा आवाज त्याच्या छातीत असेल असे कुणाला वाटले नसते. "घसरत्या मातीवर हिसका बसला तर संपलं सगळं! आहात तिथं पाय रोवा आणि नुसता ताण घ्या! हळू! पोर उचलता तसं!"

माणसांनी त्याचे ऐकले. मुकादमाकडे न बघता ऐकले. थोडा भार हलका झाला, पण थोडाच.

"इन्काफ, नीघ बाहेर!"

"पाचर बसली नाही अजून, दादा!" शिळेमागून आवाज आला. "मी सोडलं की ही येते खाली. आधी खालची माणसं हटव!"

"अरे, दोर तुटतोय!"

"मग लवकर हटव ना!"

पेर्सेनने खाली हाका मारल्या. गाढवे बुजली, कुणी त्यांना बाजूला ओढू लागले, पण वाट अरुंद होती आणि माणसे पुष्कळ. एवढ्यात वरून उत्तरवारा टोळी रिकामी गाडी घेऊन उतरत आली. त्यांचा मुकादम थेंती लांबूनच ओरडला, "काय रे बैलांनो, दावं तुटलं वाटतं?" त्याची माणसे खो खो हसली.

पेर्सेन म्हणाला, "थेंती, तुझा धरायचा दोर दे."

"आधी म्हण, उत्तरवारे भारी!"

"उत्तरवारे भारी," पेर्सेन म्हणाला. ऐंशी माणसांसमोर म्हणाला. "दोर दे. माझा भाऊ मागे आहे."

थेंतीचे हसू तिथेच थांबले. आपल्या गाडीवरचा दोर सोडून तो स्वतः पायऱ्या उतरत धावत आला.

आता प्रश्न होता, बांधायचा कुणी. नवा दोर थेट गाडीला बांधायला गेले असते तर गाडीला धक्का लागून शिळेला हिसका बसला असता. एकच मार्ग होता. माझ्या जखमेच्या खाली एक गाठ आणि वर एक गाठ मारून नव्या दोराने मधली जखम ओलांडायची. पण हे करायचे होते माझ्यावर, मी ताणलेला असताना. असा दोर तुटला तर त्याचे टोक माणसाला चाबकासारखे फोडून काढते, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होते. कुणी पुढे सरकेना. इपीला येता येत नव्हते. तो हलला असता तर त्याची रांग डळमळली असती.

"मी बांधते," मेरुत म्हणाली.

"वेडी आहेस का?" थेंती म्हणाला. "बाईमाणसानं..."

"माझ्या बापाची गाठ येते तुम्हाला? ताण वाढेल तशी आवळत जाणारी?"

थेंतीने दोराचे टोक तिच्या हातात दिले.

ती माझ्या बाजूला गुडघे टेकून बसली. तिच्या केसांना आणि हातांना पीठ लागलेले होते. पहिली गाठ तिने जखमेच्या खाली, शिळेच्या बाजूला मारायला घेतली. वेढा, वेढा, पुन्हा वेढा. तिचे ओठ हलत होते, पण ती प्रार्थना करत नव्हती, वेढे मोजत होती. माझा दुसरा पेड उलगडू लागला होता. मी जे काही होतो ते सगळे एकवटून धरले. मित्रांनो, दोराला इच्छा नसते असे शहाणे लोक म्हणतात. म्हणोत.

पहिली गाठ बसली. मेरुत वरच्या बाजूला सरकली. तेवढ्यात खुंटाशी नवेच संकट उभे राहिले. शेपटी धरलेल्या चौघांपैकी एकाचे हात रक्ताने निसटले आणि खुंटावरचे वेढे सरकू लागले. बोटभर, आणखी बोटभर. शिळा मागे येऊ लागली.

"दादा!" शिळेमागून इन्काफ ओरडला. या वेळी त्याच्या आवाजात भीती होती.

पेर्सेनने इकडेतिकडे काही शोधले नाही. त्याने आपला उजवा तळवा वेढ्यांवर ठेवला आणि सगळ्या अंगाने ते खुंटावर दाबले. वेढे थांबले. मी त्याचा हात खुंटावर चिरडत होतो. मला ते कळत होते आणि मला सैल होता येत नव्हते. त्याने ओठ चावला. "बांध, मेरुत," एवढेच तो म्हणाला.

"झालं... झालंच... एक वेढा..."

दुसरा पेड तुटला. तिच्या हातात गाठीचे टोक होते. ते तिने खेचले आणि त्याच क्षणी मी तुटलो. तिसरा पेड गेला, पण शिळा गेली नाही. थेंतीचा दोर तानपुऱ्याच्या तारेसारखा ताठ झाला, दोन्ही गाठी कचकन आवळल्या आणि भार एका बाजूने माझ्या शेपटीवर, दुसऱ्या बाजूने गाडीला बांधलेल्या माझ्या डोक्यावर, पण जखम ओलांडून गेला. माझे तुटलेले टोक मेरुतच्या गालाला चाटून गेले. तिथे रक्ताची रेघ उमटली.

इन्काफचा हातोडा वाजला. एकदा, दोनदा, पाच वेळा. मग तो शिळेमागून रांगत बाहेर आला आणि पायरीवर बसून ओकला. उत्तरवाऱ्यांची माणसे आपली गाडी सोडून माझ्या शेपटीला लागली. पेर्सेनचा हात वेढ्यांतून सोडवायला तिघे लागले.

कुणी मेले नाही. पण गोष्ट इथे संपत नाही, कारण देखरेख्या काठी घेऊन वर आला.

"दोर कुणाच्या ताब्यात होता?"

कुणीतरी हळूच म्हणाले, "दोरराखा इपी."

"पुढे ये."

म्हातारा पुढे आला. काठी वर गेली.

"त्याला हात लावू नका," पेर्सेन म्हणाला. तो खुंटाला टेकून बसला होता. त्याचा हात ओल्या फडक्यात गुंडाळला होता आणि फडके लाल झाले होते. "त्यानं सकाळीच सांगितलं होतं, हा दोर लावू नका. मी ऐकलं नाही."

"शुद्धीवर आहेस का? काय बोलतोस कळतंय का तुला? मुकादमकी जाईल."

"जाऊ दे. इपीला दोरावरून काढून ओढायला तुम्ही लावलं, तेव्हा मी 'हो' म्हटलं. तेही चुकलंच. पण आजचं माझं एकट्याचं."

देखरेख्याने काठी खाली केली आणि तो निघून गेला. संध्याकाळी पेर्सेनची मुकादमकी गेल्याची आणि इपी पुन्हा दोरराखा झाल्याची दवंडी फिरली.

मेरुतने त्याला भाकरी आणून दिली, पण त्याच्यासमोर ठेवताना ती म्हणाली, "खा. बोलायचं ते पुढं कधीतरी बोलू. आज मला तुमचं तोंड बघवत नाही."

"मलाही नाही बघवत," तो म्हणाला.

वैद्याने त्याची तीन बोटे काढली. उरलेल्या हाताला फळकुटे बांधून महिनाभर ठेवले. ओढायला तो निकामी झाला. टोळीला वाटले, पुढच्या नावेने हा गावी जाईल. तो गेला नाही. एका सकाळी तो इपीपुढे जाऊन उभा राहिला.

"दोर बघायला शिकवता का?"

इपीने त्याला निरखले. "डाव्या हातानं?"

"तोच उरलाय."

"मग डोळे मीट आधी. तुझे डोळेच फार बोलतात."

तेव्हापासून रोज सकाळी दोघे दोर चाचपू लागले. पेर्सेनला एकट्या डाव्या हाताने गाठ मारता येईना. पुष्कळ दिवस तो चरफडत बसायचा. मेरुत येताजाता बघायची आणि पुढे जायची. मग एक दिवस ती टोपली ठेवून त्याच्यासमोर बसली. "असं नाही, भाऊजी. टोक दातात धरा. हं. आता ओढा." त्यानंतर ती त्याच्याशी बोलू लागली.

इपी वारल्यावर पेर्सेन दोरराखा झाला. दोर तपासून झाले की तो ओढणाऱ्यांच्या रांगेतून चालत जायचा आणि प्रत्येकाला विचारायचा, "खांदा कसा आहे? पोट?"

सगळे म्हणायचे, "ठीक आहे."

टोळीत 'दुखतंय' म्हणणे म्हणजे लाजेची गोष्ट होती. पेर्सेन ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा. असे कितीतरी दिवस गेले. शेवटी एका तरण्याताठ्या गड्याने इकडेतिकडे बघत हळूच म्हटले, "पाठीत कळ येतेय, काका. परवापासून."

"बरं केलंस सांगितलंस. मुकादमाला मी सांगतो, आज घडा घे, पाणी ओत."

कुणी हसले नाही. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांनी सांगितले. त्या वर्षी आमच्या टोळीने उत्तरवाऱ्यांपेक्षा चार शिळा कमी चढवल्या, आणि पूर ओसरल्यावर जेवढी माणसे आली होती तेवढीच गावी परत गेली.

माझे काय झाले, ते थोडक्यात सांगतो. मला जखमेपाशी कापून दोन केले. एक तुकडा गाढवांवर पाण्याचे घडे बांधायला गेला आणि कुठे झिजून संपला, मला माहीत नाही. दुसरा, म्हणजे हा मी, काही दिवस भटारखान्यात लाकडे बांधायला होतो. कधी उन्हात पडलो, कधी उंदरांनी कुरतडले. मला कुणी चरबी लावली नाही. जुन्या दोराला कोण लावतो? पेर्सेन म्हातारा होऊन वारला तेव्हा मेरुतने मला शोधून काढले आणि त्याच्या थडग्यात ठेवले. रेतीने आम्हाला झाकले. फार फार काळाने कुणीतरी ब्रशने रेती झाडली आणि मला या थंड खोलीत काचेखाली आणले.

इथे तुमच्यासारखी मुले येतात. शेजारच्या भिंतीवर त्या डोंगराचे मोठे चित्र आहे. ती विचारतात, एवढे दगड वर कसे नेले? कुणी म्हणते जादू असेल, कुणी म्हणते राक्षस असतील. मग ती पुढे जातात. मी त्यांना सांगू शकत नाही, की तिथे चिखल होता, कांदे होते, सोललेले तळवे होते आणि एक बाई गुडघे टेकून वेढे मोजत होती.

मित्रांनो, माझी तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या घरी, शाळेत, शेतावर जे कुणी भार धरून उभे आहे, त्याची रोज एकदा चौकशी करा. मी दोर होतो. मला कुणी शंभरदा विचारले असते तरी उत्तर देता आले नसते. माणसांना उत्तर देता येते. पण पहिल्यांदा विचारले की ती म्हणतात, "ठीक आहे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.